कढीपत्त्याचा हिवाळा

सप्टेंबर सरत आला की न्यू जर्सीतल्या एडिसनपासून टोरांटोशेजारच्या मिसिसागापर्यंत मराठी घरांमध्ये एक हलवाहलव सुरू होते. चार-पाच महिने मागच्या डेकवर ऐसपैस वाढलेला कढीपत्ता, मोगरा, जास्वंद, तुळस, सगळ्यांना आता घरात घ्यायचं असतं. सोफा सरकतो, जेवणाचं टेबल भिंतीला जाऊन टेकतं, दक्षिणेकडच्या एकुलत्या एका खिडकीसाठी कुंड्यांची चढाओढ लागते. रात्रीचा पारा 50 डिग्री फॅरनहाइटवर, म्हणजे आपल्या 10 अंशांवर आला की कुंड्या आत, असा तिकडचा साधा हिशेब. पाणी गोठवणारी पहिली रात्र त्या भागात बहुधा ऑक्टोबरच्या मध्यानंतर येते; पण उष्ण प्रदेशातली झाडं पाणी गोठेपर्यंत तग धरत नाहीत. दहा अंशांच्या खाली गेलं की त्यांच्या पेशींचं काम बिघडायला लागतं, आणि झालेलं नुकसान दिसतं ते दोन-चार दिवसांनी, पानं काळवंडल्यावर.

पंचांगाची पंचाईत अशी की तुळशीचं लग्न याच्या नंतर येतं. कार्तिक शुद्ध द्वादशी ते पौर्णिमा हा मुहूर्त साधारण नोव्हेंबरात पडतो. सातारा-सांगलीकडे तोवर पावसावर वाढलेली तुळस अंगणात डवरलेली असते. शिकागोत मात्र नवरीला लग्नाआधीच महिनाभर घरात कोंडून ठेवावं लागतं. ऊस इंडियन ग्रोसरीतून येतो, आवळे फ्रोजन मिळतात, बोरं मिळतीलच असं नाही, आणि मंगलाष्टकं म्हटली जातात ती दिवाणखान्यात, वर लावलेल्या स्मोक अलार्मकडे एक डोळा ठेवून. लग्न थाटात लागतं. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत तुळशीची पानं गळायला लागतात, कढीपत्ता पिवळा पडतो, आणि मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो यायला सुरुवात होते: ‘काय झालं असेल हो याला?’

उत्तरंही लगेच येतात. ताक घाला. पाणी कमी पडतंय. पाणी जास्त होतंय. खत द्या. कुंडी बदला. दृष्ट लागली असेल, हेही कुणीतरी अर्धवट गमतीत लिहितं.

यातला एक सल्ला बरोबर असतो, पण खरं कारण त्याच्या एक पायरी मागे आहे. कुंडी घरात आली तेव्हाच थंडीचा प्रश्न मिटला. घरात वीस-एकवीस अंश तापमान असतं, म्हणजे पुण्याच्या थंडीतल्या सकाळपेक्षा बरीच ऊब. तिथे झाड मरतं ते उजेडावाचून. मुंबईत वर्षातला सर्वांत लहान दिवससुद्धा जवळपास 11 तासांचा असतो. एडिसनमध्ये तो सव्वानऊ तासांवर येतो, टोरांटोत नऊच्याही खाली, लंडनमध्ये आठलाही थोडा कमी. शिवाय सूर्य वर चढतच नाही. डिसेंबरच्या त्या दिवशी भर दुपारी मुंबईत तो क्षितिजापासून साधारण 47 अंशांवर असतो, एडिसनला 26 वर, लंडनला जेमतेम 15 वर. तिरपी, क्षीण किरणं, त्यात ढग, त्यात दुहेरी काच. उन्हाळ्यात डेकवर भर दुपारी लाखभर लक्स प्रकाश असतो. ढगाळ हिवाळी दिवशी खिडकीलगत हजार-दोन हजार मिळाले तरी खूप, आणि खिडकीपासून आठ-दहा फूट आत काहीशेच. माणसाचा डोळा या फरकाला फसतो, कारण बाहुली मोठी करून तो जमवून घेतो. पानाला तशी सोय नाही.

पानांच्या बाजूने पाहिलं तर ही गळती समजूतदारपणाची आहे. जुलैच्या उन्हात आलेलं पान जाड असतं, त्याचा चालू खर्च मोठा असतो. पान सावलीत असो की उन्हात, श्वसनासाठी साखर जाळतच असतं. खिडकीत आल्यावर कमाई घटली, खर्च तेवढाच राहिला, की झाड तोट्यातली पानं टाकून देतं. नर्सरीत हिरवंगार दिसणारं वीपिंग फिग घरी आणल्यावर मूठ-मूठ पानं झाडतं ते याच कारणाने. तेव्हा पहिल्या पंधरवड्यातली गळती हा आजार धरू नये. मात्र ही पानगळ बघून लोक जे करतात, त्याने पुढे आजार होतो.

ते म्हणजे पाणी घालतात.

आपल्याकडे झाडाची माया पाण्याने मोजली जाते. सकाळी आंघोळ करून तुळशीला तांब्याभर पाणी हा संस्कार आहे, आणि साताऱ्याच्या उन्हात, मातीच्या वृंदावनात तो चुकीचाही नाही. तिथे दुपारपर्यंत ते पाणी उडून गेलेलं असतं. मिनेसोटातल्या जानेवारीत, प्लास्टिकच्या कुंडीत, पानं निम्मी गळालेल्या झाडाखाली तोच तांब्या रोज ओतला तर ते पाणी जायचं कुठे? मातीतल्या पोकळ्यांमध्ये हवेच्या जागी पाणी भरतं, मुळांना प्राणवायू मिळत नाही, ती गुदमरतात, मग पिथियमसारख्या बुरश्या कुजवायला तयारच असतात. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून वर पानं मलूल होतात. मलूल पानं पाहून घरातलं कुणीतरी आणखी पाणी घालतं. हिवाळ्यात घरातली बहुतेक झाडं जातात ती या चक्रात सापडून.

कुंडीला पाणी हवंय की नको, याची परीक्षा वारावर किंवा तारखेवर सोडायची नाही. बोट दोन पेरं मातीत घालून पाहायचं. त्याहून चांगली रीत म्हणजे कुंडी उचलायची. पाणी घालून निथळलेली कुंडी एकदा उचलून तिचं वजन हाताला कळलं, की पुढे कोरडी झालेली कुंडी उचलताक्षणी समजते. पूर्ण पाणी द्यायचं, तळातून निथळू द्यायचं, खालच्या ताटलीतलं ओतून टाकायचं, आणि मग पुन्हा हलकी होईपर्यंत हात आवरायचा. रोजच्या पूजेचं काय, हा प्रश्न खरा आहे. अनेक घरांनी त्यावर आपापली तोड काढली आहे: पळीभर पाणी, तेही नळाचं बर्फगार नाही, रात्री भरून ठेवलेलं.

ताकाचंही याच ओघात सांगायला हवं. कढीपत्त्याला ताक घालायची पद्धत महाराष्ट्रातच नव्हे, अगदी दक्षिणेपर्यंत आहे, आणि अंगणातल्या जमिनीत त्याने बिघडत काही नाही. बंद घरातल्या कुंडीत मात्र आंबट वासाबरोबर चिलटांसारख्या बारीक काळ्या माश्या येतात. त्यांच्या अळ्या ओल्या, कुजत्या मातीवरच पोसल्या जातात. पान पिवळं आणि शिरा हिरव्या, असं दिसलं तर लोहाची कमतरता असू शकते. पण हिवाळ्यात तिचं मूळ बहुतेकदा गारठलेल्या आणि पाण्याने तुडुंब झालेल्या मुळांमध्ये असतं. माती सुकू दिली, कुंडी थंड फरशीवरून उचलून लाकडी पाटावर ठेवली, तरी पुष्कळ फरक पडतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी खत बंद. जे झाड वाढतच नाहीये त्याला खत दिलं तर क्षार मातीत साठतात आणि मुळांची टोकं जळतात.

उजेडाची सोय विकत घेता येते, ही गेल्या काही वर्षांतली मोठी सुधारणा. जांभळ्या रंगाचे ते विचित्र दिवे आता आवश्यक राहिले नाहीत. चांगला पांढरा एलईडी, झाडाच्या शेंड्यापासून वीत-दीड वीत अंतरावर, टायमर लावून बारा ते चौदा तास. छताला टांगलेला दिवा झाडासाठी नसल्यासारखाच, कारण अंतर वाढलं की प्रकाश झपाट्याने विरळ होतो. दिवा रात्रभर मात्र चालू ठेवायचा नाही.

उजेडाखालोखाल त्रास देते ती कोरडी हवा. बाहेर शून्य अंशाची, ऐंशी टक्के आर्द्रतेची हवा घरात घेऊन एकवीस अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास उरते. बाष्प तेवढंच असतं. गरम हवेची ते धरून ठेवण्याची ताकद मात्र चौपट झालेली असते. ओठ फुटतात, स्वेटर काढताना ठिणग्या उडतात, आणि पानांच्या कडा करपतात. अमेरिकी घरांमध्ये यात एक बांधकामाची खोड मिसळते. गरम हवेचं जाळीदार तोंड, ज्याला सगळे ‘व्हेंट’ म्हणतात, ते बहुधा खिडकीच्या बरोब्बर खाली जमिनीत असतं. म्हणजे उजेडाची सर्वांत चांगली जागा आणि भट्टीचा झोत एकाच ठिकाणी. प्लास्टिकचा डिफ्लेक्टर त्या जाळीवर बसवला तर झोत दुसरीकडे वळतो. त्यापुढे रोज पाण्याचा फवारा मारणं हे निव्वळ मनाचं समाधान. दहा मिनिटांत ते पाणी उडून जातं. झाडं एकत्र दाटीने ठेवणं आणि खोलीत ह्युमिडिफायर लावणं उपयोगाचं.

काचेचं झाकण हाही जुना आणि चांगला उपाय. लंडनमधला डॉक्टर नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड 1829 साली बंद बाटलीत पतंगाचा कोश ठेवून पाहत होता, तर बाटलीतल्या मातीतून नेच्याचं रोप उगवलं. शहराच्या काजळीत बाहेर न जगणारा नेचा आत मजेत वाढत होता. 1833 मध्ये त्याने अशाच बंद पेट्यांतून रोपं जहाजाने सिडनीला पाठवली. ती पोहोचली, आणि परतीची ऑस्ट्रेलियन रोपं केप हॉर्नच्या गोठवणाऱ्या थंडीतून जिवंत लंडनला आली. पुढे जगभरची रोपं याच पेट्यांनी हलवली. चीनमधून हिमालयाच्या पायथ्याशी आलेला चहासुद्धा. आज तुळशीचं बी घरात रुजवताना कुणी त्यावर सॅलडचा पारदर्शक डबा उपडा घालतो, तेव्हा तो वॉर्डचीच पेटी वापरत असतो.

तरीही कढीपत्त्याला हिवाळाभर उष्ण, दमट आणि झगझगीत ठेवायचाच असा हट्ट का, असा प्रश्न पडायला हवा. कढीपत्त्याचं एक पान तोडून दिव्यासमोर धरलं तर हिरव्या पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे पारदर्शक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी. फोडणीत उठणारा वास तिथे साठवलेला असतो. तसेच ठिपके लिंबाच्या पानात दिसतात, संत्र्याच्या, बेलाच्या पानातही. सगळं एकच कूळ. कढीपत्त्याच्या शास्त्रीय नावातला ‘कोएनिगी’ हा योहान गेरहार्ड कोनिग, वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसचा शिष्य, 1768 साली तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या डॅनिश वसाहतीत, तरंगमबाडीला आलेला डॉक्टर. आणि लिंबाच्या या कुळाला थंड देशात हिवाळाभर जगवण्याची विद्या युरोपच्या राजांनी तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वीच कमावली आहे.

व्हर्सायच्या राजवाड्यातली ऑरेंजरी आर्किटेक्ट मान्सारने 1684 ते 1686 मध्ये बांधली. चौदाव्या लुईची संत्री-लिंबं पोर्तुगाल, स्पेन, इटलीहून लाकडी पेट्यांत आलेली. दीडशे मीटर लांब दालन, चार-पाच मीटर जाड भिंती, दक्षिणेकडे दुहेरी काचांच्या उंच खिडक्या. आत शेकोटी नाही. केवळ भिंती आणि खिडक्यांच्या जोरावर तिथला पारा हिवाळ्यात पाच अंशांच्या खाली सहसा उतरत नाही. हजाराच्या वर पेट्या आजही ऑक्टोबरच्या मध्याला आत जातात आणि मेच्या मध्याला बाहेर येतात. त्यातली काही झाडं दोनशे वर्षांहून जुनी आहेत. यातली मेख ही की तिथे झाडं वाढवायचा प्रयत्नच कुणी करत नाही. गार, उजेडाची जागा, पाणी थोडं, आणि झोप.

कढीपत्ता संत्र्याइतका काटक नाही, त्याला पाच अंश नकोत. पण बारा ते पंधरा अंशांची, खिडकी असलेली एखादी खोली, बंद पोर्च, कमी तापवलेलं पाहुण्यांचं बेडरूम मिळालं तर तो निमूट झोपी जातो. पानं बहुतेक सगळी गळतात. कुंडीत काठी उरते. अशा काठ्या दर हिवाळ्यात कचऱ्यात जातात, आणि त्यातल्या बऱ्याच जिवंत असतात. नखाने साल किंचित खरवडून पाहावी. आत हिरवं दिसलं तर झाड आहे. तपकिरी, कोरडं दिसलं तर आणखी खाली खरवडावं. बुंध्याशी हिरवं असलं तरी मार्च-एप्रिलात फुटतं, कधी थेट मुळापासून फुटवा येतो. पुण्या-नाशकातही डिसेंबर-जानेवारीत कढीपत्ता अडून बसतो, नवी पालवी देत नाही. निफाडला पारा पाच अंशांखाली जातो तेव्हा तर विचारूच नये. अंगणातलं झाड मोठं असतं, म्हणून ते आपल्या लक्षात येत नाही इतकंच.

उबेच्या घरात जागं ठेवलेल्या कढीपत्त्यावर आणखी एक संकट येतं: कीड. खवले कीड, पिठ्या ढेकूण, आणि कोरड्या उबेत सर्वांत लाडावणारी लाल कोळी. ऊब असली तर कोळी आठ-दहा दिवसांत पिढी पुरी करते. पानावर बारीक पांढरट ठिपके, खाली रेशमासारखी जाळी. पांढरा कागद पानाखाली धरून फांदी झटकली, आणि कागदावर पडलेली धूळ चालू लागली, तर ती कोळी. न्हाणीघरात नेऊन पानांची खालची बाजू शॉवरने नीट धुणं, दर चार-पाच दिवसांनी, तीन-चार वेळा, हा सर्वांत स्वस्त आणि बराच परिणामकारक इलाज. मातीत टाकायच्या आंतरप्रवाही कीटकनाशकाच्या गोळ्या शोभेच्या झाडाला चालतील. कढीपत्ता आणि तुळस आपण खातो, तिथे त्यांचं नाव काढू नये. भांड्यांचा साबणही जपून, तो पानाचं मेणच धुऊन काढतो.

‘एवढा खटाटोप करण्यापेक्षा पुढच्या खेपेला आईकडून एक रोप घेऊन येऊ,’ हा विचार अनेकांच्या मनात येतो. तो विमानतळावर संपतो. भारतातून अमेरिकेत कढीपत्त्याचं रोप आणता येत नाही, ताजी पानंही नाहीत. बॅगेतली जुडी अधिकारी काढून घेतात, लपवली असेल तर दंड. प्रवाशाला हा जाच वाटतो. त्यामागची गोष्ट मात्र विदर्भातल्या संत्रा बागायतदाराला कुणी समजावून सांगायची गरज नाही. सिट्रस सिल्ला नावाचा तीन-चार मिलिमीटरचा किडा लिंबू कुळाच्या कोवळ्या फुटीवर अंडी घालतो, रस शोषतो, आणि शोषताना ‘ग्रीनिंग’ रोगाचे जिवाणू एका झाडातून दुसऱ्यात नेतो. रोगट झाडाची पानं डागाळत पिवळी पडतात, फळं वेडीवाकडी, कडवट, हिरवट राहतात, आणि काही वर्षांत झाड जातं. इलाज नाही. कढीपत्ता स्वतः या रोगाने मरत नाही, पण त्याची कोवळी पालवी सिल्लाला फार आवडते.

हा किडा फ्लोरिडात 1998 मध्ये सापडला. कढीपत्त्याची चुलत बहीण, आपली कुंती, तिकडे कुंपणासाठी हौसेने लावतात. तिच्या कुंड्या दुकानादुकानांतून राज्यभर गेल्या आणि त्यांच्याबरोबर सिल्लाही. 2005 मध्ये रोग सापडला. 2003-04 च्या हंगामात फ्लोरिडाने संत्र्यांच्या 24 कोटींहून जास्त पेट्या काढल्या होत्या. 2022-23 मध्ये त्या 1 कोटी 60 लाखांच्या आसपास आल्या. त्यात चक्रीवादळांचा वाटा आहे, बागा विकून उठलेल्या वसाहतींचाही आहे, पण कणा मोडला तो ग्रीनिंगने. कॅलिफोर्नियात सिल्ला 2008 मध्ये आला, रोग 2012 मध्ये लॉस एंजेलिस परिसरातल्या एका घराच्या परसात सापडला. इतकं मोजल्यावर विमानतळावरचा तो अधिकारी फारसा दुष्ट वाटत नाही.

म्हणून तिकडे कढीपत्ता मिळतो तो देशातच वाढवलेला. कनेटिकटमधल्या लोगीज या 1892 पासूनच्या ग्रीनहाऊससारख्या ठिकाणांहून टपालाने, किंवा उन्हाळ्यात इंडियन ग्रोसरीच्या दारात मांडलेल्या चिमुकल्या कुंड्यांतून. फांदी लावून तो सहजी मुळं धरत नाही. बी धरतं, पण काळं पिकलेलं फळ सोलून ताबडतोब लावलं तर; पुडीत सुकलेलं बी बहुधा मेलेलं असतं. भारतातून कुणी पाठवलेलं ‘कढीपत्त्याचं बी’ न उगवण्याचं कारण हे, आणि तसं पाठवणं बेकायदाही आहे.

तुळशीचं नेमकं उलट. ती मुळातच अल्पायुषी. मंजिऱ्या येऊन बी धरलं की तिचं काम झालं, मग महाराष्ट्रातही हिवाळ्यात ती झडते आणि पावसाळ्यात खाली पडलेल्या बियांतून नवी उगवते. तेव्हा जानेवारीत मिशिगनमधली तुळस गेली तर त्यात अपशकुन शोधण्यासारखं काही नाही, जरी फोनवर पलीकडून आजी गप्प झाल्या तरी. जुनं, काष्ठ झालेलं झाड घरात ओढून आणण्यापेक्षा शहाणे लोक ऑगस्ट-सप्टेंबरातच कोवळे, बिनमंजिरीचे चार-सहा शेंडे तोडून पाण्याच्या पेल्यात ठेवतात. आठ-दहा दिवसांत पांढरी मुळं दिसतात. नोव्हेंबरात लग्नाला उभी राहतात ती ही तरणी रोपटी, दिव्याखाली, आटोपशीर. मंजिऱ्या दिसतील तशा खुडत राहिलं तर ती वसंतापर्यंत टिकतात. शिवाय बी एका पाकिटात घालून ठेवायचं. मार्चमध्ये ते वरवर भुरभुरायचं, मातीत पुरायचं नाही, कारण त्याला रुजायला उजेड आणि वीस अंशांच्या वरची ऊब लागते.

मार्चच्या अखेरीस कढीपत्त्याच्या काठीवर हिरवे टिपके दिसू लागले की पाणी हळूहळू वाढवायचं, खत सुरू करायचं, शेंडे छाटायचे म्हणजे बाजूने फांद्या येतात. घाई होते ती पुढे. एप्रिलात एखादा दिवस वीस अंशांचा उजाडतो, उत्साहाने कुंडी थेट उन्हात जाते, आणि खिडकीत वाढलेली नाजूक पानं दोन दिवसांत पांढरी भाजून निघतात. शिकागोच्या आसपास मेच्या मध्यापर्यंत हिवाची भीती असते. त्यानंतरही पहिले आठ-दहा दिवस सावलीत, मग सकाळचं ऊन, मग पूर्ण ऊन.

कुंडी बदलायची तीही याच सुमारास. तेव्हा बुंध्यापासून थोडे दूर आलेले फुटवे मुळासकट वेगळे करून मैत्रिणींना देता येतात, आणि ओहायो-इलिनॉयसारख्या राज्यांतला बराच कढीपत्ता असाच घरोघर पसरला आहे. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी मात्र फुटवा हातात घेऊन निघण्याआधी किंवा घर बदलताना कुंडी ट्रकमध्ये चढवण्याआधी आपल्या काउंटीच्या कृषी आयुक्तांच्या कार्यालयात फोन करावा. सिल्लाच्या क्वारंटाइनची हद्द कधी कधी शेजारच्या रस्त्यावरूनच जाते.